सहावा धडा

देवळाली कॅम्पहून निघालेल्या बसमध्ये दीपमालाच्या मागे दोन बाया इंग्रजी शिकवणाऱ्या ॲपविषयी बोलत होत्या. ते ॲप दीपमालानेच बनवलेलं, म्हणून तिने कान टवकारले.

“अगं नवसाबाई, अजून सहाव्याच धड्यावर?”

“हां. ते इचारतं, मुलं किती? मी इंग्रजीत सांगते, दोन. ते म्हणतं, शाब्बास.”

“तुझ्या धाकट्या कुंदनला जाऊन वरीस झालं गं.”

“त्या ॲपला कुठं ठाऊक हाय? ते इचारतं, धाकटा काय करतो? मी म्हणते, कॉलेजात जातो.”

“अन् मग?”

“परत शाब्बास. पण आता म्हणतं, हा धडा तुम्हाला आला, पुढं चला.”

एकदा आलेला धडा आपोआप बंद करायची सोय दीपमालाचीच होती. तिने ऑफिसात फोन लावला.

“सहावा धडा बंद करू नका. कुणाला कितीही वेळा करू द्या.”