दोघींत एक बाटली

(मोलम्याइनमधल्या एका घराचं परस. रांजणाशेजारी पाटावर दॉ सेन मान खाली घालून बसली आहे. तिची सून यी मोन तिच्या केसांना औषधी शाम्पू लावते आहे. जवळच झोळीत बाळ. सून सासूला ‘अमे’, म्हणजे आई, म्हणते.)

दॉ सेन : हळू गं. उरलेत तेवढे तरी राहू देत डोक्यावर.

यी मोन : चोळत नाहीये, अमे. बोटांच्या टोकांनी नुसतं लावतेय. नखं लागू द्यायची नाहीत, दुकानदाराने बजावून सांगितलंय.

दॉ सेन : दुकानदाराच्या डोक्यावर किती केस आहेत?

यी मोन : एकही नाही.

दॉ सेन : मग बरोबर आहे. त्यालाच कळणार. आणि हा वास कसला म्हणायचा? डांबराचा. माझ्या डोक्यावर रस्ता बांधतायत जणू. शिकेकाईत तयॉच्या झाडाची साल उकळली की अख्ख्या गल्लीला कळायचं, आज सेनच्या घरी न्हाणं आहे.

यी मोन : शिकेकाईने कोंडा गेला का पण? उशीवर पीठ सांडल्यासारखा पडायचा. आता कानामागची खपली सुटलीय बघा. लालीही उतरलीय.

दॉ सेन : आणि केस?

यी मोन : केसांना वेळ लागतो. आधी कोंडा जातो, मग गळती थांबते, मग…

दॉ सेन : मग नवे उगवतात. दुकानदाराला उगवले तसे.

यी मोन : मान जरा आणखी खाली.

दॉ सेन : हातात आले ते टाकू नकोस गं. डब्यात ठेव.

यी मोन : ओले आहेत. कठड्यावर सुकत ठेवते, मग डब्यात.

दॉ सेन : बिस्किटांचा डबा भरत आला. नव्या वर्षाला माझा लिन आला की शेजारच्या मा थ्वेकडून गंगावन वळून घेईन. नातीचे कान टोचायचे त्या दिवशी माझा अंबाडा असा भरगच्च हवा, की लिन म्हणाला पाहिजे, अमे, तू होतीस तश्शीच आहेस. तो मासेमारीच्या बोटीवर गेला तेव्हा गुडघ्यापर्यंत होते माझे. ऐकतेयस ना?

यी मोन : ऐकतेय. डोळे मिटा. आता फेस पाच मिनिटं तसाच ठेवायचा.

दॉ सेन : पाच मिनिटं काय करू मी?

यी मोन : काही नाही. बसा.

दॉ सेन : काही न करता बसणं मला कधी जमलंय? दे ती बाटली इकडे. निदान चित्र तरी बघते.

यी मोन : डोळे मिटा म्हटलं ना मी.

दॉ सेन : एक मिटलाय. हे काय? अजून इथपर्यंत भरलेली?

यी मोन : असेल.

दॉ सेन : असेल काय? दोघींत एक बाटली आणलीस तू. बाळंतपणानंतर तुझेही केस मूठमूठ जातात, तुझ्याही डोक्यात कोंडा. बाळाच्या बोटाला तुझा गळलेला केस गुंडाळला जाईल म्हणून दर तासाला त्याची वीस बोटं तपासतेस. मागच्या न्हाण्याला मी उठले तेव्हा बाटली या फुलाच्या देठापर्यंत आली होती. आज फक्त माझ्या डोक्यापुरतीच खाली गेलीय. म्हणजे तेव्हापासून तू लावलाच नाहीस.

यी मोन : सर्दी झाली होती मला.

दॉ सेन : एकदाही शिंकलेली ऐकली नाही मी.

मा थ्वे : (कुंपणापलीकडून) यी मोन, ए यी मोन! विहारातून मोठं पातेलं आणू की दॉ खिनकडचं पुरेल?

यी मोन : पुरेल, मा थ्वे. नंतर बोलते मी कुंपणाशी येऊन.

दॉ सेन : ये गं थ्वे, आत ये. माझ्या डोक्यावर रस्ता चाललाय तो बघ.

मा थ्वे : नको मावशी, चुलीवर भात आहे माझा. उद्या पाच भंते म्हणजे आमटी जरा… मी बघते. येते.

दॉ सेन : पाच?

मा थ्वे : येते मी, मावशी.

दॉ सेन : गेली? थ्वे गेली? जिला घरी जा म्हणावं लागतं, ती भाताचं निमित्त काढून गेली?

यी मोन : खरंच असेल भात.

दॉ सेन : माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही तिने. आणि पाच भंते कशाला? तू म्हणालीस, बाळाच्या तब्येतीसाठी छोटंसं भोजन. बाळाच्या शिंकेला एक भंते पुष्कळ झाले.

यी मोन : बोलावलं तर पाच आलेले बरे, म्हणून.

दॉ सेन : पुढे ये.

यी मोन : फेस गळतोय, अमे. मला मागूनच…

दॉ सेन : गळू दे. माझ्यासमोर बस. वाक. आणखी वाक.

यी मोन : काय करताय?

दॉ सेन : सुनेचं डोकं बघतेय. चिकट झालंय. हा तेलाचा चिकटपणा नाही, घामाचा आहे. मघापासून खांद्यानेच कान खाजवतेयस तू. दोन्ही हात फेसाने भरलेत, पण त्यातलं एक बोटही आपल्या डोक्याला लागू दिलं नाहीस.

यी मोन : धुईन उद्या.

दॉ सेन : उद्याच ना? भोजन झाल्यावर.

यी मोन : …हो.

दॉ सेन : रात्री दिवा विझवत नाहीस. मी विचारलं तर म्हणालीस, बाळ घाबरतं. इतके महिने नाही ते घाबरलं.

यी मोन : अमे, पाच मिनिटं व्हायचीत अजून. बोलू नका, फेस तोंडात जाईल.

दॉ सेन : माझी आई गेली तेव्हा मीही असंच डोकं बांधून बसले होते. लिन लहान होता. अंगावर पडायला आला, नि म्हणाला, अमे, तुला वास येतो. मग मांडीवर घेऊन सांगितलं त्याला. घरात मरण आलं की सात दिवस आपण दिवा विझवत नाही, डोक्याला पाणी लावत नाही. गेलेलं माणूस अजून घरातच वावरत असतं. त्याला वाटायला नको, की आपल्याला यांनी धुऊन टाकलं.

यी मोन : मला माहीत आहे ते. त्यांनीच सांगितलं होतं मला, लग्नानंतर.

दॉ सेन : तुझे आईवडील बरे आहेत ना, यी मोन?

यी मोन : बरे आहेत.

दॉ सेन : भाऊ?

यी मोन : तोही.

दॉ सेन : मग हे डोकं कुणासाठी ठेवलंयस?

यी मोन : अमे…

दॉ सेन : बाळ उठलं बघ.

यी मोन : नाही उठलं. झोपलंय.

दॉ सेन : हललं. मी बघितलं, झोळी हलली.

यी मोन : वाऱ्याने हलली, अमे. इकडे बघा माझ्याकडे. को लिन… जाळं ओढायचा दोर तुटला बोटीवर. त्यात गेले ते.

दॉ सेन : रविवारी त्याचा फोन आला नाही, तेव्हा तू म्हणालीस, बोट लांब गेलीय.

यी मोन : हो. म्हणाले मी तसं.

दॉ सेन : आणि मी म्हटलं, आळशी आहे मेला. आईला फोन करायला बोट दुखतं याचं.

यी मोन : तुम्हाला कुठे ठाऊक होतं?

दॉ सेन : आणतायत का त्याला?

यी मोन : नाही. बरोबरच्या पोरांनी तिथल्याच विहारात अग्नी दिला. सगळे होते म्हणे. सगळ्यांनी हात जोडले. लगेच गेले ते, अमे. हाक मारायलाही वेळ मिळाला नाही.

दॉ सेन : कुणाला मारली असती ती, कोण जाणे.

यी मोन : तुम्हालाच. घाबरले की ‘अमे’च निघायचं त्यांच्या तोंडून. पाल अंगावर पडली तरी.

दॉ सेन : एवढे दिवस तू मला जेवायला वाढत होतीस. पाय चेपत होतीस.

यी मोन : रोज सकाळी ठरवायचे, आज सांगते. मग तुम्ही छातीवर हात ठेवून जिना उतरताना दिसायचात. बाळ माझ्या एका हातावर असतं. तुम्ही पडलात, तर दुसऱ्या हाताने मी कुणाला धरू, हेच डोक्यात यायचं. आज म्हटलं, न्हाऊ घालताना पाठमोऱ्या असाल, तेव्हा जमेल. उद्या सातवा दिवस, सांगायलाच हवं होतं. भोजनानंतर पुण्य वाटायचं, तेव्हा त्यांना नावाने हाक मारायची. माझ्या हाकेला येतील ते. पण रुसले-बिसले असतील, तर तुमच्याच येतील.

दॉ सेन : रुसायचा खरा. माशाचं डोकं दुसऱ्याला वाढलं तरी रुसायचा.

यी मोन : उद्या तेच करणार आहे, माशाचं डोकं. त्यांच्या नावाने बाजूला काढून ठेवायला.

दॉ सेन : आंबट पानं घाल त्यात. फार नको.

यी मोन : घालते.

दॉ सेन : आपलं डोकं तेवढं राखून ठेवलंस. आणि माझ्या डोक्यावर मागच्या न्हाण्याला तांब्यांमागून तांबे ओतलेस. रीत माझ्या घरची, पोरगा माझा.

यी मोन : ज्याला माहीत नाही, त्याला रीत लागत नाही, अमे. म्हटलं, तुमचं तेवढं तरी मोकळं राहू दे. खाज कमी झाली म्हणून किती बरं वाटलं होतं तुम्हाला त्या दिवशी. गात होतात.

दॉ सेन : गात होते मी?

यी मोन : हळूच.

दॉ सेन : ते मघाचे केस कुठे ठेवलेस?

यी मोन : कठड्यावर. सुकले की डब्यात घालते.

दॉ सेन : राहू देत तिथेच. वारा नेईल.

यी मोन : बरं.

दॉ सेन : झोंबायला लागलंय हे. झाली का तुझी पाच मिनिटं?

यी मोन : कधीच झाली.

दॉ सेन : मग?

यी मोन : आता पाणी कसं घालू, अमे? आता तुम्हालाही माहीत झालं. कोरड्या पंच्याने पुसून काढू का? निघेल तेवढं निघेल.

दॉ सेन : आणि उद्या हा डांबराचा वास घेऊन हाक मारू त्याला? उंबऱ्यावरून परत जाईल तो.

यी मोन : मग काय करू, सांगा.

दॉ सेन : तांब्या भरलेला आहे ना?

यी मोन : हो. हातातच आहे.

दॉ सेन : मग ओत. फेस उतरेपर्यंत मला काही माहीत नाही.