तटस्थ वहिनी

इंजेक्शननं जबडा बधिर होईपर्यंत दातांच्या डॉक्टरांनी निवृत्त ग्रंथपालांना बाहेर बसवलं होतं. ब्लॉगवर ते ‘तिरसट’ या नावानं लिहीत, पण हे त्यांच्या बायकोलाही ठाऊक नव्हतं. शेजारच्या बाकावर नणंद-भावजय बोलत होत्या.

“वहिनी, ब्लॉगवरच्या ‘तिरसट’ आणि ‘मोरपीस’ यांच्या भांडणात तू कुणाच्या बाजूनं?”

“कुणाच्याच नाही. मी तटस्थ आहे. तसा लेखच लिहिलाय.”

“मग तिरसटला ‘खडूस म्हातारा’ म्हणणारी ती ‘ठिणगी’ कोण?”

“मीच. पण ते टोपणनावानं. स्वतःच्या नावानं मी तटस्थच असते.”

“आणि ठिणगीला झापणारा ‘सरळमार्गी’?”

“तोही मीच. एकाच बाजूनं बोललेलं बरं दिसत नाही गं.”

“काल सरळमार्गीनं मोरपिसाला धुतलं, आणि खाली सही तुझी.”

“गॅसवर दूध होतं, घाईत चुकून माझीच सही पडली. तेव्हापासून तिरसट आणि मोरपीस दोघंही मिळून माझ्यावर तुटून पडलेत. वर्षभरात पहिल्यांदा त्यांचं एकमत झालं. तुम्हीच सांगा काका, भांडण मिटवलं की नाही मी?”

काकांनी तावातावानं तोंड उघडलं, पण लाळेशिवाय काहीच बाहेर येईना.

“बघ,” वहिनी नणंदेला म्हणाली, “याला म्हणतात तटस्थ माणूस.”