तांबडी होडी आणि दीड हाताचा उजेड

मंडळी, ऐका. आजचा प्रश्न सोपा आहे, म्हणूनच उत्तर जड जाणार. एखादा माणूस आपल्याला वाईट दिसतो. तो वाईट असतो म्हणून तसा दिसतो — की आपण लांब उभे असतो म्हणून? पेटीवाले मान डोलावतायत. त्यांना उत्तर कळलं असं समजू नका. सूर लागला की ते कशालाही मान डोलावतात!

तर मालवणच्या किनाऱ्यावर दोन भाऊ. थोरला विश्राम तांडेल, धाकटा भिवा. अंगण एक, चुली दोन, आणि दोघांत मिळून एक होडी — तांबडी! समुद्राच्या कपाळावर कुंकू लावावं तशी लांबून दिसायची. सहा वर्षांपूर्वी भिवा एकटाच ती घेऊन गेला, वादळात सापडला आणि पोहत परत आला. म्हणाला, होडी खडपावर, पाण्यातल्या खडकावर, आपटून बुडाली. जागाही सांगितली — देवळाचा कळस आणि टेकडीवरचा माड एका रेषेत आले की खाली ती. विश्रामनं सगळं शांतपणे ऐकलं, आणि गावभर सांगितलं की होडी बुडाली नाही, यानं ती गुपचूप सासरवाडीला देऊन टाकली!

आता पुरावा कुठून आणायचा? समुद्राला साक्षीला बोलावता येत नाही. त्या वर्षी घरच्या गणपतीला भिवाच्या हातची दूर्वा चढली नाही. पुढच्या वर्षीही नाही. सहा वर्षं! कोकणातल्या माणसाला हे काय दुःख, ते मी सांगायला नको. घरात आरती चालायची, आणि भिवा अंगणापलीकडं आपल्या पडवीत बसून टाळी वाजवायचा. ताल मात्र एकदाही चुकला नाही.

त्या टाळीचा आवाज जिला खुपायचा, ती विश्रामची मुलगी हेमांगी. काकानंच तिला पोहायला शिकवलेलं. पर्यटकांना पाण्याखाली नेणाऱ्या एका केंद्रात ती आलेल्यांची नावं लिहून घ्यायची. एक दिवस तिनं ठरवलं, आपणच ती विद्या शिकायची, खाली जायचं आणि होडीचा फोटो आणून बापासमोर ठेवायचा.

मग कॅमेरा घ्यायला ती कोल्हापूरला गेली. तिथल्या दुकानदारानं पोळपाटाएवढा एक काढला, खेकड्यासारखे दोन हात असलेला. म्हणाला, हा लांबचं जवळ आणतो. हा गृहस्थ रंकाळ्यात घोट्यापर्यंतसुद्धा उतरला नसावा! हेमांगीनं आपल्या डुबीमास्तरांना, केंद्रात डुबी शिकवणाऱ्या उल्हास परबांना, फोन लावला. त्यांनी सांगितलं ते ध्यानात ठेवा, कुणाला घ्यायचा असेल तर. नवशिक्यानं स्वस्तातलाच घ्यावा. मुठीत मावणारा, मनगटाला दोरीनं बांधता येणारा, बटण मोठं आणि एकच. आपण पस्तीस फूट जाणार, तर त्यानं पन्नास फुटांवर तग धरायला हवा. कारण खाली गेल्यावर आधी श्वास सांभाळायचा, मग अंग सावरायचं, आणि कॅमेरा सगळ्यांत शेवटी. उरलेल्या पैशांत पाण्यात चालणारा टॉर्च घे.

पोरीनं सगळं ऐकलं — टॉर्च सोडून. भर दुपारी डुबी मारायची, टॉर्च कशाला? हसू नका! गुरूचं आपण चौदा आणे ऐकतो, आणि बुडतो ते उरलेल्या दोन आण्यांत.

कळस आणि माड एका रेषेत आले. केंद्रातल्या एका सोबत्याला घेऊन हेमांगी खाली गेली. आणि मंडळी, होडी होती! वाळूत कुशीवर निजलेली, नंबराची बाजू खाली गाडलेली. जवळ जायचं धाडस होईना, अंग स्थिर राहीना. दहा हातांवरून तिनं फोटो काढला. पण डोळ्यांसमोर जे होतं ते तांबडं नव्हतं. राखाडी. कुणाची होडी ही?

विश्रामनं फोटो पाहिला. हात लांब करून पाहिला, जवळ आणून पाहिला.

"आमची न्हय ही. आमची तांबडी. ही मसणातल्या राखेसारखी आसा."

तिनं फोटो परत घेतला. कारण तिलाही तेच वाटलं होतं. त्या संध्याकाळी काकाच्या पडवीवरून ती पहिल्यांदाच मान खाली घालून गेली. बघा हं — पुरावा आणायला गेलेली पोर, आणि संशय घेऊन आली! सगळं स्वतःच्या डोळ्यांनी पाहून.

दुसऱ्या दिवशी तिनं उल्हास परबांना फोटो दाखवला. त्यांनी आधी विचारलं, टॉर्च कुठाय? मग समजावलं. पाणी सगळ्यांत आधी तांबडा रंग खातं. तीस-पस्तीस फुटांवर कपाळावरचं कुंकूसुद्धा मळकट दिसतं. पुसलं जात नाही, नुसतं दिसत नाही, कारण त्याला लागणारा उजेड वरून तिथवर पोचत नाही.

"रंग तिथंच असतो, हेमांगी. उजेड आपण न्यायचा. आणि जवळ धरायचा. लांबून धरलास तर मधलं पाणी तोही गिळतं."

टॉर्च आला. दुसरी डुबी. उल्हास परबांनी तिच्या पाठीवरच्या हवेच्या टाकीचा पट्टा धरून तिला स्थिर ठेवलं. होडीच्या काठावर एक दोरखंड लाटांबरोबर घासून घासून वीतभर जागा स्वच्छ राहिली होती. तिथं, दीड हातावरून, तिनं उजेड टाकला —

तांबडी! कालच रंग दिल्यासारखी!

बटण दाबायचं ती विसरलीच. एक मासा येऊन बघून गेला, मग तिला आठवलं.

विश्रामनं तो फोटो बराच वेळ पाहिला. माफी वगैरे शब्द त्याच्या घरात कधी वापरात नव्हते, सापडणार कुठून? तो उठला. अनवाणीच अंगण ओलांडलं. बावीस पावलांचं अंगण, सहा वर्षांत एकदाही न ओलांडलेलं. भिवा जाळं विणत बसला होता.

"भिवा, होडी तांबडीच आसा."

भिवानं गाठ पुरी केली. मग वर पाहिलं.

"माका ठावक आसा."

एवढंच. मग त्यानं जाळं बाजूला सारून बसायला जागा केली. त्या भाद्रपदात दूर्वा कुणी वाहिल्या, ते विचारू नका. टाळी मात्र पडवीतून आली नाही.

आता, मंडळी, तुमच्याकडं येतो. चुळबुळ करू नका. ज्याच्याशी तुम्ही बोलत नाही, तो याच सभामंडपात दोन खांबांपलीकडं बसलाय. मी नाव घेत नाही. तुमच्या माना कुठल्या बाजूला वळत नाहीत ते मला इथून दिसतंय. तो तुम्हाला राखाडी दिसतो. दिसणारच! मध्ये पाणी किती वर्षांचं!

आता आरती होईल. देवापुढं ताट ओवाळून झालं की ते घेऊन एकेकानं दोन खांब ओलांडायचे, आणि त्याच्यासमोर धरायचं. दीड हातावरून. दिवा ताटात आहेच — तुम्ही फक्त चालत जा.