दुभाष्याविना सतरा दिवस

थांबा, थांबा – ते सील फोडू नका! फोडलंत की दुकानदार परत घेणार नाही, मग माझ्याकडे येऊन तोंड पाडून बसाल. ठेवा खोकं टेबलावर. बसा. ते स्टूल नको, डुगडुगतं, इकडे बसा. काय म्हणालात – विंडोज नाही, लिनक्सवर चालवायचंय? अहो, मग घ्यायच्या आधी विचारायचं ना! पडद्यावर चित्र उमटवणारं ग्राफिक्स कार्ड म्हणून वाईट नाही, कोण म्हणतंय वाईट, वेगात त्याचा हात कुणी धरणार नाही – पण ते बनवणारी कंपनी आहे ना, ती किल्ल्या सगळ्या आपल्याच कमरेला ठेवते. म्हणजे कसं सांगू? कार्डाला सिस्टमची भाषा कळत नाही, सिस्टमला कार्डाची कळत नाही, मध्ये एक दुभाषा लागतो – तोच ड्रायव्हर. काही कंपन्या आपल्या भाषेचं व्याकरण छापून मोकळ्या होतात – घ्या, वाचा, दुभाषा तुम्ही तयार करा, आमचीही माणसं देतो हाताखाली. आणि काही म्हणतात, दुभाषा आमचाच, तो काय बोलतो, कसा बोलतो, विचारायचं नाही. बरं. चालतं तोवर छान चालतं. मग एक दिवस पत्रक येतं – हे कार्ड आता जुनं झालं, आमचा दुभाषा आजपासून रजेवर. कायमच्या. मग तुम्ही काय करणार? काही नाही करणार. काळ्या पडद्याकडे बघत बसणार.

हसताय तुम्ही. बाई एवढ्या का तापल्या, असं वाटतंय ना? बरोबर आहे. तुम्हाला गेम खेळायचेत, पडदा काळा झाला तर खेळ थांबेल, दुसरं काय. माझ्या घरी नवऱ्याचं बोलणं थांबलं होतं. सतरा दिवस.

नाही, उठू नका, सांगते ना – तसंही ते मशीन अजून वीस मिनिटं काही भरतंय, मला काम नाही. नवरा प्रोग्राम लिहायचा, इमारतींचे नकाशे काढतात तसल्या कचेरीत. चाळिशी ओलांडली आणि नसांचा तो आजार लागला – आधी बोटं, मग पाय, मग जीभ. सगळं जातं हळूहळू, डोळे तेवढे राहतात. त्याला पहिल्याच महिन्यात कळलं होतं काय काय जाणार आणि कुठल्या क्रमानं. रडला? नाही. मी रडले. तो कामाला लागला. पडद्याखाली एक कॅमेरा बसवला, प्रोग्राम लिहिला – बुबुळ कुठं वळलंय ते बघायचं, पडद्यावरच्या ज्या अक्षरावर नजर ठरेल ते अक्षर उठायचं, शब्द झाला की मशीननं बोलायचा. आणि आवाज कुणाचा? त्याचाच. आवाज चांगला होता तेव्हाच हजारभर शब्द बोलून भरून ठेवले त्यानं. आता ते बुबुळाचं चित्र सेकंदाला साठ वेळा तपासायचं म्हणजे साध्या मशीनचं काम नाही – कार्ड लागतं. कार्ड घेतलं. याच कंपनीचं. आणि त्या कंपनीनं स्वतःची एक भाषा काढलीय, तिच्यातला प्रोग्राम फक्त तिच्याच कार्डांवर चालतो. मी म्हटलं होतं, "अरे, खुल्या भाषेत लिही, उद्या कुठलंही कार्ड चालेल." तर म्हणाला, "अगं, कंपनीच्या भाषेत दोन महिन्यांत होतंय, खुल्या भाषेत सहा लागतील. माझी बोटं सहा महिने थांबणार आहेत का?"

दोन वर्षं चाललं. झकास चाललं. भांडायचो सुद्धा आम्ही त्या मशीनवरून – तो एक वाक्य जुळवेपर्यंत माझी दहा झालेली असायची, आणि मग त्याचं ते एकच असं यायचं की मी गारद. मग एका रविवारी सकाळी सिस्टमचा नवा गाभा आला होता, म्हणजे कर्नल, तो मी चढवला. मीच. मशीन परत सुरू केलं तर पडदा काळा. कंपनीचा जुना ड्रायव्हर नव्या गाभ्याशी बोलेना, आणि नवा ड्रायव्हर आमच्या कार्डाला ओळखही दाखवेना. मला काय माहीत होतं असं – नाही, पत्रक वाचलं होतं मी, आधीच्याच महिन्यात आलं होतं, पण तेवढं – ते असू दे. कंपनीला लिहिलं. नवरा मुका झालाय म्हणून लिहिलं, अगदी याच शब्दांत. उत्तर आलं – आपले उत्पादन आता सेवेच्या कक्षेत नाही, आपला दिवस आनंदात जावो. आनंदात जावो!

मग लिनक्सवाल्यांच्या एका ईमेल-यादीवर लिहिलं. तिथं एकजण आहे, मुंगूस म्हणतात त्याला, खरं नाव मला आजही माहीत नाही. असली माणसं आहेत बघा जगात – कंपनीनं कागदाचा चिटोरा दिलेला नाही, तरी कार्डाला हजार प्रश्न विचारून, उत्तरं जुळवून जुळवून दुभाषा तयार करतात. फुकट. त्यांचा तो खुला ड्रायव्हर घातला. पडदा आला हो! पण कार्ड आपलं रांगतंय – कारण वेग वाढवायचा तर कंपनीच्या सहीची एक फाइल लागते आणि ती कंपनी देत नाही. नवऱ्यानं अक्षराकडे बघावं आणि अक्षर तीन सेकंदांनी उठावं. तोवर नजर हलायची, दुसरंच अक्षर. डोळ्यांतून नुसतं पाणी. बंद केलं मी ते. मग दुसऱ्या कंपनीचं कार्ड आणलं, व्याकरण छापणारीचं – त्यावर पडदा लख्ख, पण प्रोग्राम चालेना, तो त्या पहिलीच्या भाषेतला ना! मुंगूस म्हणाला, धाडा इकडे, आपण दोघं मिळून तो भाग खुल्या भाषेत नव्यानं लिहू. तर मी इथं, या टेबलाशी बसून दिवसदिवसभर नवऱ्याचा प्रोग्राम वाचायचे. त्यात मधे मधे त्यानं स्वतःसाठी टिपा लिहिलेल्या. एके ठिकाणी लिहिलंय – "आज अनामिका गेली. इथून पुढचं मधल्या बोटानं." खाली प्रोग्राम सुरू. चूक एक नाही.

घरी कोण होतं? नणंद होती. तिनं पुठ्ठ्यावर अक्षरं लिहिलेली – "वहिनी, मी एकेक अक्षर दाखवते, दादा पापणी मिटेल, दोन-चार शब्द तरी होतील." मी म्हटलं, नको, दमतो तो, मशीन होतंच आहे दोन दिवसांत. पाचव्या दिवशी डॉक्टरीणबाई आल्या. आधीच्या आठवड्यातच त्यांनी प्रश्न टाकून ठेवला होता – श्वास कमी पडायला लागलाय, गळ्याला भोक पाडून श्वासाचं यंत्र लावायचं का? त्या म्हणाल्या, "एवढी मोठी गोष्ट मी पापणीच्या हो-नाहीवर ठरवणार नाही, त्यांच्या शब्दांत हवी. दुरुस्ती झाली की कळवा." मी म्हटलं, कळवते.

काय?

जुनी डिस्क नव्हती का, म्हणता. हुशार आहात. मुंगूसानंही दुसऱ्याच दिवशी हेच विचारलं होतं – जुन्या सिस्टमची नक्कल आहे का, तोवर ती लावा, म्हणजे माणूस बोलेल तरी. मी लिहिलं, नाही. दुकानात आल्या-गेल्याला मी कानीकपाळी ओरडते, अपडेटच्या आधी डिस्कची नक्कल काढा – आणि माझी स्वतःची नसेल? होती. शनिवारी काढलेली. नेहमीसारखी दुकानात आणून त्या खालच्या खणात ठेवलेली, माझ्या गुडघ्याशी. लावायला वीस मिनिटं.

शनिवारी संध्याकाळी बोलला होता ना तो. मी नक्कल काढून उठले, मशीन परत लावलं, तर म्हणाला – "डॉक्टरांना सांग. भोक नको. पुरे." त्याच्या त्या धडधाकट आवाजात. ते "पुरे" त्यानं कशासाठी भरलं होतं माहितीय? जेवताना. मी जास्त वाढते म्हणून. भरताना हसला होता, ते हसू शब्दाच्या शेपटाला आलंय थोडंसं. त्या हसऱ्या आवाजात मला म्हणतो, पुरे. मी ऐकलंच नाही असं दाखवलं. आणि सकाळी उठून अपडेट घातलं. मुद्दाम? – नाही हो! मुद्दाम कसं घालेन? रविवारी मी नेहमीच... खरं सांगू, मला माहीत नाही. एवढं माहीत आहे की पडदा काळा झाला तेव्हा आधी घाबरले, आणि मग, अगदी क्षणभर, सुटल्यासारखं वाटलं. मशीन बंद होतं तोवर त्याला नाही म्हणता येत नव्हतं. कंपनीचं चुकलंच, ते सोडा, ते मी कुणालाही तोंडावर सांगेन. पण सतरा दिवस कंपनीचे नव्हते. एक दिवस कंपनीचा. उरलेले सोळा माझे.

आणि तो मुंगूस! सोळाव्या दिवशी त्याचा निरोप – "आज कामावर रजा टाकली आहे. नवऱ्याला सांगा, उद्यापर्यंत नक्की." हे वाचलं आणि मला इथं बसवेना. शटर ओढून घेतलं भरदुपारी. सतराव्या दिवशी नवा प्रोग्राम नव्या कार्डावर चढवला, लागलीच चालला, पहिल्यापेक्षा सरस. मीच डॉक्टरीणबाईंना फोन केला. त्या आल्या, विचारलं. तो म्हणाला, "नको. पुरे." त्यांनी लिहून घेतलं, त्याच्या खांद्यावर हात ठेवला, गेल्या. नणंद त्यांना सोडायला खाली गेली. आम्ही दोघंच. मग तो माझ्याकडे बघायचं सोडून पडद्याकडे बघायला लागला, अक्षरं उठायला लागली. मला वाटलं आता विचारणार – सतरा दिवस का? त्याला खण माहीत होता, माझी सवय माहीत होती, सगळं माहीत होतं. तर म्हणाला, "आता तू बोल."

आणि मी काय बोलले? मी त्याला ड्रायव्हरचं सांगत बसले. कुठला भाग बदलला, मुंगूसानं कुठली युक्ती लावली, ती किल्ल्या कमरेला ठेवणारी कंपनीसुद्धा म्हणे आता थोडं थोडं खुलं करायला लागलीय, पण नव्याच कार्डांसाठी – तासभर. तो ऐकत होता, डोळे उघडे ठेवून. पुढं चार महिने होता. रोज बोलायचा. तो विषय त्यानं काढला नाही, मीही काढला नाही.

झालं बघा ते मशीन. कार्ड बदलून आणा, त्या दुसऱ्या कंपनीचं आणा, मी बसवून देईन. नाही, आज नाही. उद्याही नको, परवा या. खोकं विसरू नका – आणि जाताना दार ओढून घ्या.