ताईची पावडर

हॅलो? … हो ताई, बोल. … अगं, वॉर्डात आहे, हळू बोलावं लागतं. … नाही, घरी नाही. कालच दाखल केलं. … घाबरू नकोस, ऐक ना आधी! रक्तातलं क्रिएटिनिन वाढलं होतं, म्हणून सुई घालून किडनीचा तुकडा काढून तपासला. … तू दिलेल्याच किडनीचा, आणखी कुठल्या? इतके दिवस गुण्यागोविंदाने नांदली, आता माझं शरीर म्हणतंय, ही कोण बाई घरात शिरलीय! … हो. रिजेक्शन म्हणतात ते हेच.

… नाही गं, एकही गोळी चुकवली नाही. आईशपथ. … पावडर? … हो, घेतली ना. रोज सकाळी एक चमचा. व्हिडिओवर चमचा चाटून दाखवायला लावायचीस, न घेऊन सांगते कुणाला! … नको, नको, आणखी डबे पाठवू नकोस. … अगं, चवीचं काही नाही…

… हं. डॉक्टरांनी विचारलं, बाहेरचं काही घेता का? मी डबा दाखवला. त्यांनी मोठ्याने वाचलं, 'प्रतिकारशक्ती दुप्पट करते.' मग चष्मा काढला आणि डबा जप्तच केला.

… चांगलंच आहे काय? अगं, तीच तर दाबून ठेवायची असते मला! त्या गोळ्या कशाला आहेत मग? अंगातले पहारेकरी झोपून राहावेत म्हणून. नाहीतर तुझ्या किडनीला परकी समजून अंगावर धावतात. मी त्यांना गोळ्या देऊन झोपवायचे, आणि सकाळी तू चहा देऊन उठवायचीस. … हो, तू. … बरं, मी. गिळत मीच होते ना. पण तू सांगितलंस म्हटल्यावर डॉक्टरांना कोण विचारतं?

… ताई? … हॅलो? … अगं, रडतेस? शाळेत आहेस ना? मुख्याध्यापिका रडताना दिसली तर पोरं डोक्यावर मिऱ्या वाटतील. … तू मारलं नाहीस किडनीला. मेलेली नाही ती अजून. इंजेक्शनं सुरू झालीत. लवकर लक्षात आलंय, बहुतेक वाचेल म्हणाले. … बहुतेकच म्हणाले गं. खोटं कशाला सांगू?

… काय? … पुन्हा बोल. … दुसरी? … दुसरीही देतेस? … अगं बाई, मग तू कशावर जगणार, पावडरवर? … नाही, चिडले नाही. … मी कुठे रडतेय? … ताई, ऐक. तुझ्याजवळची तुझ्याजवळच राहू दे. भीती वाटते गं मला, खूप वाटते. पण ती नाही मागायची मला. … तू ये फक्त. … काही आणू नकोस. रिकाम्या हातांनी ये. … हो. … नर्स आली बघ. ठेवते.