रिकाम्या रकान्यांची सरासरी

मावशी: ती वायर ओढू नकोस, मागून निघते ती. आधी कॉम्प्युटर बंद कर.

भाची: सगळेच नेणार?

मावशी: सगळेच. दुपारी माणसं येतायत. विद्यार्थ्यांचा डेटा मदत कक्ष आजपासून बंद, आणि तुझी मावशी उद्यापासून परीक्षा विभागात हॉलतिकिटांवर शिक्के मारणार.

भाची: तू बस ना जरा. मी गुंडाळते.

मावशी: बसले की डोकं फिरतं. इतकी वर्षं पोरांना एकच सांगत आले, तुमचं विश्लेषण मी करून देणार नाही, कसं करायचं ते शिकवीन. आणि चौकशी समितीने ठपका काय ठेवला? मॅडम आकडे करून देतात!

भाची: सोडून दे आता.

मावशी: कशी सोडू? हे त्या तुझ्या गाइडचं काम. प्रबंधाच्या व्हायवाला परीक्षकांनी तुला धरलं, तेव्हा स्वतःची कातडी वाचवायला माझ्याकडे बोट दाखवलं त्याने. काल जिन्यात सापडला. चार लोकांदेखत चांगली खरडपट्टी काढली.

भाची: सरांची? अगं, काय बोललीस?

मावशी: तोंडाला येईल ते. मान खाली घालून ऐकून घेतलं त्याने.

भाची: सरांना नको होतंस बोलायला.

मावशी: का गं? एवढा पुळका?

भाची: ते नाही बोलले काही. उलट समितीला म्हणाले, मॅडम असं करणारच नाहीत. त्यांचं कोणी ऐकलं नाही.

मावशी: मग माझं नाव घेतलं कोणी?

भाची: मावशी...

मावशी: ती वायर खाली ठेव आणि बोल.

भाची: मी.

मावशी: नीट सांग.

भाची: परीक्षकांनी विचारलं, रात्रपाळीच्या इतक्या नर्स बरोब्बर सहा पूर्णांक एक्केचाळीस तासच कशा झोपतात? घड्याळ लावून? सगळे हसायला लागले.

मावशी: म्हणजे ज्यांनी झोपेचा रकाना रिकामा सोडला होता, तिथे तू बाकीच्यांची सरासरी भरलीस.

भाची: हो.

मावशी: मी नको म्हटलं होतं. इथेच बसून. एक बटण दाबलं की सॉफ्टवेअर सगळं भरून मोकळं होतं, पण त्या बाईने रकाना का सोडला ते त्याला ठाऊक नसतं.

भाची: रिकामे ठेवले की निष्कर्षच निघत नव्हता गं. भरले की लगेच निघाला. मुदत संपत आली होती, म्हणजे, मला वाटलं कोण बघतंय.

मावशी: बरं. चुका सगळेच करतात. पुढे काय म्हणालीस?

भाची: म्हटलं, मला त्यातलं कळत नाही. मावशीने करून दिलं.

मावशी: मावशीने? मॅडमनी नाही म्हणालीस?

भाची: तोंडून तेच निघालं.

मावशी: तरीच मला कोणी काही विचारलं नाही. घरचीच पोर सांगतेय म्हटल्यावर विचारायचं काय राहिलं!

भाची: मला वाटलं तुला नुसती समज देतील. सरही म्हणाले, मॅडमना तूच सांग. मी सांगणारच होते, पण आई म्हणाली, एवढ्यात नको.

मावशी: ताईला माहीत आहे?

भाची: त्याच संध्याकाळी सांगितलं तिला.

मावशी: रोज फोन करते ती मला. काल त्या गाइडच्या नावाने रडले मी तिच्यापाशी. म्हणाली, जाऊ दे गं, लोक असेच असतात.

भाची: तिला वाटलं, तुझी नोकरी कायमची आहे, तुला कुठेतरी सामावून घेतील. माझी पदवी गेली तर गेलीच.

मावशी: हं. हिशेब चोख आहे तिचा.

भाची: असं नको ना बोलूस. ओरड माझ्यावर.

मावशी: ओरडायचं ते जिन्यात ओरडून झालं. भलत्याच माणसावर.

(बाहेर कोणीतरी टेबल फरफटत नेतं.)

मावशी: समितीला जाऊन खरं सांगशील?

भाची: सांगेन ना. म्हणजे, पदवी हातात पडली की लगेच. आत्ता सांगितलं तर प्रबंधच रद्द करतील. सध्या फक्त विश्लेषण पुन्हा करून मागितलंय.

मावशी: म्हणून आलीस होय आज.

भाची: तुला मदत करायलाही आले. पण मला एकटीला नाही जमणार गं.

मावशी: मूळ फाइल आहे का जागेवर?

भाची: आहे. हात लावला नाही तिला. जे केलं ते नकलेवर.

मावशी: तो कोपऱ्यातला कॉम्प्युटर अजून चालू आहे. उघड.

भाची: तू बसतेस माझ्याजवळ?

मावशी: तुझ्यासाठी नाही बसत. रात्रभर उभ्या राहिलेल्या बायकांनी घरी जायचं सोडून तुझी प्रश्नावली भरली. माऊस सोड. कमांड लिही, एकेका ओळीत, आणि काय केलं, का केलं ते शेजारी लिही. कोणी विचारलं तर दाखवता आलं पाहिजे.

भाची: रिकामे रकाने?

मावशी: रिकामेच. कुठल्या वॉर्डातले जास्त आहेत ते बघ.

भाची: थांब हं... अतिदक्षता. जवळजवळ सगळे अतिदक्षता विभागातले. मावशी, ज्यांची ड्युटी सगळ्यात जड, त्यांनीच लिहिलं नाहीये!

मावशी: हं.

भाची: म्हणजे सरासरी भरून मी हेच पुसून टाकलं. हाच तर निष्कर्ष आहे!

मावशी: निष्कर्ष म्हणू नकोस एवढ्यात. का सोडलं, ते त्यांना जाऊन विचार. मग लिही.

भाची: माणसं आली वाटतं. हासुद्धा नेतील?

मावशी: नेतील. फाइल काढून घे. मला सरांना गाठायचंय, ते घरी जायच्या आत.

भाची: संध्याकाळी येऊ घरी? पुढचं अडलं तर?

मावशी: नको.

भाची: मग चुकलं तर कोणाला विचारू?

मावशी: चुकलं तर तुझं तुला कळेल. तेवढं शिकवून झालंय माझं.