तीन कप्पे

—नाही नाही, मॅडम, ती बरणी उचलू नका, बूड तडकलंय तिचं. मी काढून देतो, तुम्ही यादीवर नुसती खूण करा. आज माझा शेवटचा दिवस, ताबा द्यायचा म्हणजे नीट दाखवूनच दिला पाहिजे. एकतीस वर्षं शिपाई आहे मी या प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत — शिकवायचे सर, पण मुलं अडली की माझ्याकडेच यायची. हे झुरळ. याचं रक्त नळ्यांतून वाहत नाही, पोकळीत मोकळंच हिंडतं, सगळे अवयव त्यात बुडालेले — लालही नसतं, पाण्यासारखं. हा मासा, दोन कप्पे. हृदयातून रक्त निघालं की आधी कल्ल्यांत, तिथून अंगभर, मग परत — एकच फेरी. आणि हा बेडूक. तीन कप्पे. वर दोन, खाली एकच, म्हणजे चांगलं-वाईट रक्त खाली थोडंफार मिसळतंच. तरी बेटा उड्या मारतो, पोहतो, ओरडतो — काय अडतं त्याचं? काही नाही. मुलांना हेच सांगायचो मी. घरीही हेच सांगितलं.

घरी म्हणजे — जाऊ द्या, लिहा तुम्ही. — बायकोला हो. आमच्या ठमीच्या हृदयात खालच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला जन्मतःच मोठं भोक होतं. रडली की ओठ जांभळे व्हायचे. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, दोन वर्षांची व्हायच्या आत ऑपरेशन करून घ्या, थांबू नका. बायको पिशवी भरून तयार होती. मीच नाही म्हटलं. का? भ्यालो. मी इथं रोज बेडकांच्या छात्या उघडून, टाचण्या मारून द्यायचो, मॅडम, उघडलेली छाती कशी दिसते ते मला ठाऊक होतं. पण भ्यालो असं बायकोला कोणत्या तोंडानं सांगू? म्हणून बेडूक पुढे केला. म्हटलं, अगं, शास्त्र आहे हे, तो जन्मभर असाच जगतो, मोठी झाली की बघू. तिला पटलं. नवरा कॉलेजात आहे म्हटल्यावर पटणारच. ठमी चालता चालता मध्येच उकिडवी बसायची, दम खायची, हसायची, पुन्हा चालायची. चार वर्षं चालली अशी. मग एका दुपारी जिन्यात बसली, तिसऱ्या पायरीवर, आणि उठलीच नाही. मी मागेच होतो, तिची निसटलेली चप्पल हातात घेऊन — मला वाटलं, बसलीय, उठेल.

नंतर सरांना विचारलं, बेडकाला कसं चालतं हो? वहीतून मान वर न करता म्हणाले, तो कातडीनंही श्वास घेतो ना. घ्या! नऊ वर्षं झाली होती मला इथं तेव्हा, शंभरदा ऐकलं असेल हे. माहीत नव्हतं असं नाही, मॅडम — माहीत होतं. बायकोला अजून सांगितलेलं नाही. ती अजून लोकांना सांगते, आमच्या ह्यांनी फार विचार केला होता हो, पोरीचं आयुष्यच तेवढं.

पाणी नको मला. माझ्याकडे काय बघताय, यादी बघा. पक्षी आणि ससा राहिले, चार-चार कप्पे, ते तुम्हाला येतंच. करा सही. आणि हे बघा — बाहेर बाकावर ती बसलीय, मला न्यायला आलीय. तिच्यासमोर एक अक्षर नको. जा तुम्ही आता. जा.